झोपलेले आलू

आमच्या मळ्यात आलू होत नसे. बटाटा हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला आणि पुढे शिक्षिका झाल्यावर चाळीस वर्षं फळ्यावर लिहिला, पण घरात तो आलूच राहिला. या वयात जिभेला नवीन वळण लावायची माझी तयारी नाही. वांगी, भेंडी, मेथी, पालक, गवार, कोबी, मुळे, सांबार (म्हणजे कोथिंबीर, बाहेरच्या वाचकांनी उगाच सोबत इडली मागू नये) हे सगळं आमच्याकडे पिकायचं. अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचा मळा होता, मळ्यातच घर, घरासमोर विहीर. बाबांचं भाजीतलं ज्ञान इतकं, की आजूबाजूचे माळी रोपाला कीड पडली की पान खुडून त्यांना दाखवायला आणत. पण आलूचं नाव काढलं की बाबा म्हणायचे, ती काय भाजी आहे, ती ट्रकमधून उतरते.

त्यांची बियाणं धरायची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हंगामात ज्या झाडाला सगळ्यात देखणं वांगं लागे त्या झाडाला ते लाल चिंधी बांधायचे. ते वांगं तोडायचं नाही, झाडावरच पिवळं होऊ द्यायचं आणि त्याचं बी काढायचं. घरी पाहुणे आले, भाजी कमी पडली, तरी चिंधीच्या झाडाला हात लावायचा नाही. उत्तम ते बियाण्याला, बरं ते बाजाराला आणि किडकं असेल ते आमच्या ताटात, असा घरचा कायदा होता. मी लहानपणी एकही सरळ भेंडी खाल्ल्याचं मला आठवत नाही. या रीतीनं बाबांचं कधी काही चुकलं नाही, म्हणूनच जेव्हा चुकलं तेव्हा ते त्यांना ओळखू आलं नाही.

आमचं घर थकलेल्या माणसांचं होतं. वाईट नव्हतं, भांडखोर नव्हतं, नुसतं थकलेलं होतं. भाजीचं काम उरकत नाही. कापसाचं वावर असलं की उन्हाळ्यात माणूस जरा पाठ टेकतो. मळ्यात मात्र आज तोडलं की उद्या पुन्हा तोडायचं. पहाटे विहिरीवरची मोटार सुरू झाली की तिची धडधड जमिनीतून खाटेत यायची आणि आम्ही उठायचो. वीज गेली की धडधड थांबायची, मग बडनेऱ्याच्या गाड्यांच्या शिट्या ऐकू यायच्या आणि बाबा वीजमंडळाला शिव्या द्यायचे. माय डोक्यावर टोपली घेऊन इतवाऱ्याच्या भाजीबाजारात जाऊन बसे. दुपारी परत आली की ती सांबाराच्या जुड्या बांधता बांधता बसल्या जागी झोपायची. हात चालू, डोळे मिटलेले. जुडी बरोबर बांधली जायची. जेवायला ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, आणि बाजारात न खपलेलं जे काही असेल त्याची पातळ भाजी. दादा रेल्वेत बडनेऱ्याला होता, तोही ड्यूटीवरून आला की ताटावर मान टाकायचा. घरात बोलणं कमी होतं ते कुणाचं कुणाशी वाकडं होतं म्हणून नव्हे. बोलायला ताकद लागते.

या घरात वहिनी आली. वरुडच्या पलीकडे, मध्य प्रदेशाच्या हद्दीतल्या सौंसरकडची. बोली आमच्यासारखीच, लोकही आपलेच, पण तिकडे आलू पिकतो. वहिनी माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आल्या दिवसापासून कामाला लागलेली. ती भाकरी थापताना एक हात कमरेवर ठेवायची, आणि मायचं लक्ष गेलं की पटकन काढून घ्यायची, कारण सासूसमोर थकल्याचं दाखवणं तिला शोभत नाही असं तिच्या आईनं सांगून पाठवलं होतं. मी बारावीला होते. अभ्यास करते म्हणून मला कामातून थोडी सूट होती, आणि मी ती पुरेपूर वापरायची.

संक्रांतीला वहिनीचे वडील लेकीला भेटायला आले. पांढरं धोतर, मोठा आवाज, हसायला लागले की विहिरीवरची पाखरं उडावीत. मायनं त्यांच्यासाठी आलू-वांग्याची भाजी केली होती. आलू बाजारातून आणलेले. त्यांनी घास घेतला, फोड बोटांत धरून पाहिली आणि म्हणाले, "सारं येते तुमच्या मयात, व्याहीबुवा. पन आलू खायचा असन तं आमच्याकडेच या लागते."

गंमतीनं बोलले होते. बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"माती कायीभोर हाये आमची. आलूच काय, तुमी म्हनान ते येते."

"तं लावा मंग. बेनं मी पाठवतो."

"पाठवा."

इतकंच. दोघंही हसले, पानसुपारी झाली. पण मला बाबांचा चेहरा माहीत होता. मळ्यात काही येत नाही असं कुणी तोंडावर म्हटल्याचा तो पहिला दिवस होता, आणि म्हणणारा मुलीकडचा होता.

आठ-दहा दिवसांनी वहिनीचा भाऊ मोर्शीमार्गे येणाऱ्या एसटीतून आला. त्याच्याबरोबर दोन नग होते. एक पोतं, त्यात घरी खायला नुकतेच काढलेले नवे आलू, पातळ सालीचे, अंगाला ओली माती लागलेले. आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं, लावण्यासाठी. चहा पिऊन तो परतीच्या गाडीनं गेला. बाबांनी संध्याकाळी गाठोडं सोडलं आणि बघतच राहिले. आत गेल्या सालचे आलू होते. सुरकुतलेले, मऊ पडलेले, अंगावर जांभळट कोंब फुटलेले.

"हे बेनं?" बाबा म्हणाले. "खायाले चांगले पाठवले अन् लावाले हे? याइले वाटते आपल्या मयात आलू येऊ नाही. समजते मले."

त्यांनी ते गाठोडं उचललं आणि उकिरड्यावर रिकामं केलं. वरून माझ्या हातातली शेणाची पाटीही तिथंच पडली, कारण मी तेव्हा गोठा झाडत होते. मग बाबा अंगणात पोतं ओतून बसले आणि वांग्यासारखं त्यातून बियाणं निवडायला लागले. सगळ्यात मोठे, सगळ्यात गोल, एक डाग नसलेले. तासभर निवडत होते. कुणाला मदत करू दिली नाही. बेण्याला विळा लावायचा नाही, अख्खेच लावायचे, असंही त्यांनी ठरवून टाकलं.

वहिनी हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी माय बाजारात गेल्यावर ती माझ्या पुस्तकांजवळ येऊन बसली.

"बाई, ते आलू नाही निघत आता."

"काहून?"

"नवा आलू झोपलेला राहते. जमिनीतून काढला की दोन-अडीच महिने त्याले कितीबी पानी द्या, उठत नाही. जुना असला, सुरकुतला, डोये फुटले, की समजाचं हा जागा झाला. आमच्याकडे तेच लावतात, अन् तेबी दिवाईच्या पुढे. आता तसाबी उशीर झाला, पन जुना लावला असता तं थोडं तरी हाती लागलं असतं."

"मंग मायले सांगा."

"सांगतलं. त्या म्हने, चूप राय बाई, त्याइचं डोकं आधीच गरम हाये." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमी सांगा न मामाजीले. मी सून आहो. त्यातून हे माह्या बापाचं भांडन. तुमी लेक आहा, तुमचं ऐकते ते."

मी म्हटलं, "सांगतो."

आणि सांगितलं नाही. आता त्याचं कारणही लिहून टाकते. मला अकोल्याला जाऊन शिक्षिकेचं शिक्षण घ्यायचं होतं. तिथं माझी मावशी राहायची, ती ठेवून घ्यायला तयार होती. फक्त बाबांनी हो म्हणायचं होतं आणि ते पाहू म्हणून राहिले होते. त्या दिवसांत मी बाबांचा मूड चुलीवरच्या दुधासारखा सांभाळत होते. त्यांच्या पाण्याचा तांब्या मी भरायची, त्यांची चप्पल मी जागेवर ठेवायची. अशा वेळी त्यांना जाऊन सांगायचं, की बाबा तुमचं चुकलं आणि व्याह्याचं बरोबर आहे? माझ्या जिवावर आलं. मला वाटलं, आलूच तर आहेत, नाही निघाले तर नाही निघाले. माझं अकोलं गेलं तर पुन्हा येणार नव्हतं.

माघातल्या एका सकाळी लावणी झाली. कोबी काढून रिकाम्या झालेल्या तुकड्यात, विहिरीच्या पाटाला लागून, केळीच्या सावलीत बाबांनी सरी-वरंबे पाडले होते. पोयट्याची माती आणून मिसळली होती. आमच्यात नवीन पीक मळ्यात पहिल्यांदा लावायचं असलं की पहिलं बेणं घरच्या नव्या सुनेच्या हातानं लावतात. तिच्या हाताचा गुण पिकाला लागतो म्हणून. वहिनीला लग्नातलं हिरवं पातळ नेसवलं, मायनं कुदळीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बाबांनी निवडलेल्यातला सगळ्यात देखणा आलू वहिनीच्या हातात दिला. वाकायच्या आधी तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं आहे की नाही, एवढंच तिला विचारायचं होतं. मी पाटातल्या पाण्याकडे बघितलं. ती वाकली आणि तिनं तो आलू मातीत ठेवला.

मग वाट पाहणं सुरू झालं. बाबा रोज सकाळी दात घासत त्या वाफ्यांपाशी जाऊन उभे राहायचे. आठ दिवस, पंधरा दिवस. रस्त्यानं बडनेऱ्याला जाणारे ओळखीचे लोक सायकल थांबवून विचारायचे, "निघाले का आलू?" सगळीकडे बोभाटा झाला होता, कारण बाबांनीच मोठ्या तोरात सांगितलं होतं. वहिनी पाणी आणायला विहिरीवर जाताना त्या बाजूला नजर टाकत नसे. एकदा ती मला पुन्हा म्हणाली, आता तरी सांगा, म्हणजे ते उकरून पाहणार नाहीत, निघतीन सावकाश. मी म्हटलं, उद्या सांगतो. तीन आठवडे उलटून गेल्यावर बाबांनी खुरप्यानं एक जागा उकरली. आलू जसाच्या तसा निघाला. सडला नव्हता, कीड नव्हती, कोंबही नव्हता. त्यांनी तो धुतला, हातात फिरवून पाहिला आणि पुन्हा पुरला. माती त्यांनी स्वतः केलेली. बेणं त्यांनी स्वतः निवडलेलं. मग उरलं काय?

त्या दिवशी जेवताना ते म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं, राग उतरतो. ते कढीचा भुरका मारून, दमलेल्या आवाजात, पाऊस नाही आज असं म्हणावं तसं म्हणाले, "पोरीच्या हाताले गुन नाही."

वहिनी चुलीपाशी भाकर भाजत होती. तिनं ती उलटली. मायनं कढीचं भांडं पुढे सरकवलं. दादानं ताटातलं मीठ बोटानं सारखं केलं आणि जेवत राहिला. माझ्या तोंडात घास होता. मी एवढंच म्हणायचं होतं, बाबा, नवा आलू झोपलेला असतो, वहिनीनं आधीच सांगितलं होतं, मीच तुमच्यापर्यंत आणलं नाही. एका दमात होण्यासारखं वाक्य. मी घास गिळला आणि दुसरा घेतला.

तीन-चार दिवसांनी बाबांनी मला हाक मारली. म्हणाले, आण तो कागद. पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ठेवलेला अकोल्याचा फॉर्म मी आणला. त्यांनी सही केली. अक्षर वाकडं, कारण बोटं कुदळीची. "तू तरी शीक," म्हणाले. मी आनंदानं रडले. माय म्हणाली, अवं, रडते काय येड्यावानी. त्या आनंदात काय मिसळलं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. माणूस म्हणतो की तेव्हा कळत नव्हतं. मला कळत होतं.

फाल्गुन गेला, चैत्र लागला. आलूच्या तुकड्याकडे कुणी बघेनासं झालं. शेजारच्या मेथीला पाणी सोडलं की थोडं तिकडेही झिरपायचं, तेवढंच. परीक्षा संपल्यामुळे आता सकाळची भेंडी तोडायचं काम माझ्याकडे आलं होतं. एक दिवस उजाडता उजाडता मी टोपली घेऊन निघाले आणि केळीपाशी थांबले. बाबा वाफ्यात उकिडवे बसले होते. त्यांच्यासमोर मातीला भेगा पडल्या होत्या आणि भेगांतून चुरगळलेली, गर्द हिरवी पानं वर आली होती. एक नाही. जागोजाग. काही वाफे निम्मेअधिक भरले होते. आलू जागे झाले होते.

बाबांनी एका पानाला बोट लावलं. मला वाटलं, आता हाक मारतील. मायला, दादाला, वहिनीला. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून दाखवतील. मी खरंच वाट पाहत होते, टोपली कमरेवर घेऊन. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं आणि पहिल्या सरीपासून सुरुवात केली. एक वाफा राहिला नाही. माती वर-खाली केली, कोंब खाली दाबले, वरून पायानं दाब दिला. चैत्रातली सकाळ, पण सदरा पाठीला चिकटला होता. काम संपवून ते हात धुवायला विहिरीकडे वळले आणि मी त्यांना दिसले.

"चहा झाला काय?" बाबा म्हणाले.

"ठेवतो," मी म्हटलं.

त्या तुकड्यात पुढे अंबाडी लावली. पहिलं बी मायनं टाकलं.

एका वाक्यानं माणसाचं काय होतं, हे मी पुढच्या आयुष्यात हळूहळू पाहिलं. वहिनीला कुणी छळलं नाही. आमचं घर छळणारं नव्हतंच, तेवढी फुरसत कुणाला होती? पण नवीन काही सुरू करायचं असलं की ती आपोआप मागे सरायची. लोणच्याच्या सगळ्या कैऱ्या ती फोडायची, मसाला ती कुटायची, आणि बरणीत पहिली फोड घालायच्या वेळी हात पुसत मायला म्हणायची, आत्याबाई, तुमी घाला. पापडाची पहिली लाटी दुसऱ्या कुणी लाटायची. माझ्या लग्नात हळदीचं ताट तिनं धरलं, सगळ्या बायकांनी हळद लावली, तिनं सगळ्यात शेवटी लावली. तिच्या स्वतःच्या मुलाच्या नव्या घराला कलश नेताना तिनं कलश सुनेच्या हातात दिला. कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज उरली नव्हती. प्रत्येक वेळी मी तिथं हजर असायची आणि मनात म्हणायची, आता सांगावं. मग मी अकोल्याची गाडी धरायची. वर्गात मी पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, न बोलणाऱ्यांना उभंही केलं. स्वतःचा एवढा कंटाळा मला दुसऱ्या कशानं आला नाही.

मनातल्या मनात मी सगळं बाबांच्या नावावर टाकलं होतं. कोंब दाबले त्यांनी. मी तर फक्त पाहिलं. मायच्या मागे ते बरीच वर्षं होते, शेवटच्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळले. मी सुटीच्या दिवशी येऊन जायची, करायची सगळं वहिनी. त्यांच्या तेराव्यालाही माझ्या मनात त्यांच्याविषयी एक अढी होती, आणि ती मी जपून ठेवली. ती होती तोवर मला स्वतःकडे बघायचं काम नव्हतं.

आता मळा नाही. त्या जागी कॉलनी झाली आहे, विहिरीवर लोखंडी जाळी आहे, आणि घरामागे दहा पावलांची एक पट्टी तेवढी वहिनीनं मुलाला विकू दिली नाही. दादा गेला. वहिनीचे गुडघे गेले, कंबर गेली, हातात काठी आली. या माघात मी तिच्याकडे राहायला गेले. माझंही आता सगळं दुखतं. दोघी दुपारी मागच्या दारात उन्हाला पाठ देऊन बसलो होतो. तिच्यासमोर परडीत घरातलेच राहून गेलेले जुने आलू होते, सुरकुतलेले, कोंब फुटलेले. ती विळीवर त्यांच्या फोडी करत होती, प्रत्येक फोडीला एक डोळा ठेवून, आणि कापलेल्या बाजूला राख चोळत होती. ते आलू पाहिले आणि मला पुढे ढकलायला जागाच उरली नाही. मी सांगून टाकलं. तुम्ही दोनदा म्हटलंत आणि मी बाबांना सांगितलं नाही, इथपासून ते केळीपाशी टोपली घेऊन उभी राहिले इथपर्यंत. बाबांनी कोंब कसे दाबले ते सांगताना माझा आवाज चढला होता, तेही आठवतं.

वहिनीनं राख चोळायचं थांबवलं नाही.

"मामाजीनं सांगतलं मले," ती म्हणाली.

मला कळेना.

"गेले न, त्या हिवायात. मी पाय चेपून राहिली होती. एकदम म्हनाले, सूनबाई, ते आलू निघाले होते. मीच दाबले. तुह्या हाताले नाव ठेवलं, आता लोकाइले काय तोंड दाखवू असं झालं होतं मले. अन् रडले." तिनं पुढचा आलू उचलला. "मी म्हटलं, मामाजी, मले माहीत हाये. आलू निघतेच. मंग ते म्हने, बेबीनं पायलं होतं. बेबीच सांगन तुले एखाद्या दिवशी. मी म्हटलं, हो, सांगन ते."

बाबा मला बेबी म्हणत. आता कुणी म्हणत नाही.

"मंग इतके वर्षं मले विचारलं काहून नाही, वहिनी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"इचारल्यावर सांगतलं तं काय सांगतलं, बाई?"

बाबांनी मान खाली घालून फेडून टाकलं होतं, आणि मी त्यांच्या मागे इतकी वर्षं त्यांनाच गुन्हेगार ठेवून बसले होते. घरातल्या सगळ्यांत जास्त शिकलेली मी. मी उठले, वाफ्यापाशी गेले. तिच्या मुलानं सकाळी दोन सऱ्या काढून दिल्या होत्या. मी परत येऊन परडीतली सगळ्यात मोठ्या कोंबाची फोड उचलली आणि तिच्या पुढे धरली.

"पहिली तुमी लावा, वहिनी. तुमच्या हातानं."

तिनं फोड घेतली. तळहातावर ठेवून थोडा वेळ पाहिली, अंगठ्यानं राख पुसली, पुन्हा लावली. काठीवर जोर देऊन उठायला लागली आणि अर्ध्यातून परत बसली.

"आता कंबर वाकत नाही," ती म्हणाली. "तवा सांगतलं असतं तं वाकली असती." आणि फोड माझ्या हातात परत दिली. "लावा तुमी. मी पायतो."

मी वाकले. माझीही कंबर काही बरी नाही, पण वाकले. ती बसल्या जागेवरून काठीनं दाखवत होती, इथं, थोडं इकडं, डोया वरते करा. मी फोड ठेवली, दोन्ही हातांनी माती ओढली आणि सवयीनं वरून तळव्यानं दाब दिला.

"दाबू नका, बाई," वहिनी म्हणाली. "वर येऊ द्या त्याले."

मी हात काढून घेतला आणि बोटांनी माती सैल केली.